किल्ल्याच्या लेखातला नकाशाचा दुवा वारंवार उलटवला जात असेल तर

मराठी विकिपीडियावर एखाद्या गडाच्या लेखाचा इतिहास उघडला की पुष्कळदा तीच मालिका दिसते. कोणी तरी ‘बाह्य दुवे’ विभागात गूगल मॅप्सचा दुवा घालतं. दुसरा सदस्य संपादन सारांशात ‘जाहिरात’ एवढंच लिहून तो काढतो. तिसरा विकिमॅपियाचा दुवा आणतो, चौथा म्हणतो भारतीय सेवा हवी, इस्रोचं भुवनच ठेवा. मध्येच माहितीचौकटीतले गुणक, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश, बदलतात आणि दोन दिवसांनी पुन्हा जुन्या जागी येतात. चर्चा पान मात्र कोरं.

हे थांबवायचं तर आधी ओळखावं लागतं की भांडण बहुतेक वेळा दुव्याचं नसतं, बिंदूचं असतं. राजगड नकाशावर नेमका कुठे, असं विचारलं तर एकाच्या मनात बालेकिल्ला असतो, दुसऱ्याच्या मनात पाली दरवाजा, तिसऱ्याच्या मनात गुंजवणे गाव आणि चौथ्याला गाडी लावायची जागा हवी असते. चौघांचंही आपापल्या गरजेपुरतं बरोबरच असतं. बिंदू ठरवला की नकाशा कोणत्या कंपनीचा हा प्रश्न उरत नाही, कारण त्याची सोय विकिपीडियात आधीपासून आहे.

नकाशाचा थेट दुवा का टिकत नाही

‘कोऑर्ड’ या साच्यात (विकिपीडियाच्या तयार नमुन्यात) अक्षांश-रेखांश लिहिले की लेखात त्यांचा दुवा तयार होतो. तो जिओहॅक नावाच्या पानावर नेतो आणि तिथे त्याच जागेसाठी ओपनस्ट्रीटमॅप, गूगल, बिंग अशा अनेक नकाशांचे दुवे मिळतात. कोणता नकाशा उघडायचा ते वाचक ठरवतो. म्हणूनच इंग्रजी विकिपीडियाची बाह्य दुव्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की नकाशासाठी एखाद्या सेवेचा दुवा देण्यापेक्षा गुणक द्यावेत. गूगल की भुवन या वादाला इथेच उत्तर मिळतं: लेखाला कोणाचीच बाजू घ्यायची गरज नाही.

थेट दुव्याला आणखी तीन दुखणी आहेत आणि काढण्याचं कारण सांगताना ‘जाहिरात’ या मोघम शब्दाऐवजी तीच सांगावीत.

पहिलं, फोनमधून ‘शेअर’ करून मिळणारा आखूड दुवा. तो कुठे नेतो हे वाचून कळत नाही. लघुदुवे देणाऱ्या बऱ्याच सेवा विकिमीडियाच्या जागतिक काळ्या यादीत आहेत, त्यामुळे असं संपादन जतनच होत नाही. नवा सदस्य समजतो की आपल्याला कोणी अडवतंय. चर्चा पानावर त्याला एका ओळीत खरं कारण सांगितलं तर निम्मी चिडचिड तिथेच संपते.

दुसरं, लांब पत्त्यातले फसवे आकडे. गूगल मॅप्सच्या पत्त्यात ‘ॲट’ चिन्हानंतर जे दोन दशांश आकडे येतात ते पडद्याच्या मध्यबिंदूचे असतात, खुणेचे नव्हेत. नकाशा जरा सरकवला की ते बदलतात. खुणेचे खरे आकडे त्याच पत्त्यात पुढे, उद्गारचिन्हानंतरच्या ‘३डी’ आणि ‘४डी’ या खुणांमागे असतात. ३डीनंतर अक्षांश, ४डीनंतर रेखांश. दोघं जण एकाच दुव्यावरून वेगवेगळे गुणक काढून भांडतात ते बहुधा यामुळे. संगणकावर नकाशातल्या नेमक्या जागी उजवं बटण दाबलं तर यादीत सगळ्यात वर त्या जागेचे आकडे मिळतात, तो मार्ग अधिक भरवशाचा.

तिसरं, खुणेचं नाव. ‘किल्ला’ म्हणून दिलेला दुवा खाजगी खिडकीत उघडून पाहा. पायथ्याच्या एखाद्या तंबू-निवासाचं किंवा हॉटेलचं पान उघडलं तर तो दुवा खरोखरच प्रसिद्धीसाठी आहे आणि काढायलाच हवा. पण तपासल्याशिवाय तसा आरोप करू नये. बहुतेक सदस्य वाचकाला वाट सापडावी म्हणूनच दुवा घालतात.

बिंदू कुठे ठेवायचा

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण चुकीच्या बिंदूची किंमत वाचकाला प्रत्यक्ष डोंगरात मोजावी लागते.

हरिश्चंद्रगड घ्या. लेखातलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे कोकणकडा, त्यामुळे कोणी तरी कड्याच्या टोकावरच बिंदू ठेवतं. रस्ता दाखवणारी ॲप्स बिंदूच्या जवळचा वाहनरस्ता शोधतात, मधली उभी भिंत त्यांना दिसत नाही. कोकणकड्याच्या तळाशी मुरबाड तालुक्यातलं बेलपाडा आहे. तिथून वर येणारी नळीची वाट चांगल्या तयारीच्या गिर्यारोहकांची आहे, मुलाबाळांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची नव्हे. त्यांना अकोले तालुक्यातलं पाचनई हवं असतं आणि ते घाटमाथ्याच्या बाजूला आहे. बिंदू मंदिराच्या परिसरात ठेवला आणि पाचनई, खिरेश्वर ही पायथ्याची गावं त्यांच्या स्वतंत्र गुणकांसह ‘जाण्याचे मार्ग’ विभागात दिली, तर लेखही बरोबर राहतो आणि माणूसही.

यावरून एक साधा नियम निघतो. लेखाचा मुख्य बिंदू वास्तूवर असावा, पायथ्याच्या गावावर, वाहनतळावर किंवा रोपवेच्या खालच्या स्थानकावर नाही. रायगडाचा बिंदू गडमाथ्यावर हवा. हिरकणीवाडी, जिथून रोपवे निघतो, आणि पाचाड यांचे गुणक मजकुरात, त्यांचा उल्लेख येतो तिथे. राजगडासारख्या पसरलेल्या गडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या तीन दिशांना आहेत, म्हणून मधला बालेकिल्ला घेणं सोयीचं. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे वाहनतळाचा बिंदू सर्रास घातला जातो. तिथेही बिंदू तटाच्या आतच हवा. पुणे दरवाजा आणि कल्याण दरवाजा हे वेगळे नोंदवता येतात.

जलदुर्गांत धोका वेगळा. खांदेरी आणि उंदेरी ही बेटं थळच्या समोर जवळजवळ आहेत आणि खुणा आपसांत बदलतात. उपग्रह चित्रात किनाऱ्याकडचं लहान बेट उंदेरी, बाहेरचं मोठं, दीपगृह असलेलं ते खांदेरी. हर्णैला सुवर्णदुर्ग पाण्यात आहे, तर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला किनाऱ्यावर. सुवर्णदुर्गाचा बिंदू जमिनीवर दिसला की समजावं, कोणी शेजारच्या किल्ल्याचा उचलला आहे.

छायाचित्रांमधून गुणक उचलताना विशेष जपा. कॉमन्सवरच्या, म्हणजे विकिमीडियाच्या चित्रसंग्रहातल्या, चित्रासोबत येणारं स्थान बहुधा कॅमेऱ्याचं असतं. मालवणच्या किनाऱ्यावरून काढलेल्या सिंधुदुर्गाच्या चित्रात मालवणचा किनाराच नोंदलेला असतो. कॉमन्सवर कॅमेऱ्याच्या जागेचा साचा वेगळा आणि वस्तूच्या जागेचा वेगळा आहे, कोणता वापरलाय ते पाहूनच आकडे घ्या.

आकडे किती चुकले यावरून कारण ओळखा

चुकीचा बिंदू नुसता खोडू नका. तो किती आणि कोणत्या दिशेला सरकलाय ते मोजा, कारण प्रत्येक चुकीची स्वतःची खूण असते. आपल्याकडच्या, म्हणजे साधारण १८ अंश अक्षांशावर, एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. एक मिनिट अक्षांश १.८५ किलोमीटर, एक सेकंद सुमारे ३१ मीटर.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. रायगड १८ अंश १४ मिनिटं उत्तर, ७३ अंश २६ मिनिटं पूर्व इथे आहे. दशांशात ते १८.२३३ आणि ७३.४३३ होतं. कोणी १४ आणि २६ तसेच दशांश चिन्हानंतर लिहून १८.१४, ७३.२६ केलं, तर बिंदू सुमारे १० किलोमीटर दक्षिणेला आणि १८ किलोमीटर पश्चिमेला सरकून माणगावच्या दक्षिणेकडे पडतो. ही चूक फार दिवस टिकते. नकाशावर हिरवे डोंगर दिसतात, जिल्हाही रायगडच असतो, कोणाला शंका येत नाही.

रायगड आणि राजगड यांची अदलाबदल तर एका अक्षराची. दोघांचे अक्षांश जवळजवळ सारखे आहेत, १८.२३ आणि १८.२५. फरक रेखांशात, ७३.४४ आणि ७३.६८, म्हणजे साधारण २५ किलोमीटर. अक्षांश जुळतोय म्हणून बरोबर मानू नका. तशीच गत माणिकगडाची: एक रायगड जिल्ह्यात, दुसरा चंद्रपूर जिल्ह्यात.

बिंदू नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रात गेला तर अक्षांश-रेखांशाची जागा बदलली आहे. हैतीच्या दक्षिण किनाऱ्याकडे गेला तर पूर्वेऐवजी पश्चिम लिहिलंय. हे लगेच लक्षात येतं म्हणून फारसं नुकसान करत नाही.

एक-दोन किलोमीटरची चूक अधिक त्रासाची. ती बहुधा पूर्ण मिनिटापर्यंत गोळा केलेल्या आकड्यांची असते. जिओनेम्स या स्थळनावांच्या संग्रहातल्या अनेक जुन्या नोंदी तशा आहेत. सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर एका बॉटनं (आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमनं) त्यांवरून लाखो लेख बनवले आणि तिथून ते आकडे विकिडेटात, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यात, शिरले. त्यातूनच कधी कधी एकाच डोंगराच्या किंवा गडाच्या दोन नोंदी विकिडेटावर असतात. दोन्ही खरोखर एकच आहेत याची खात्री करून त्या विलीन करा. डोंगर आणि त्यावरचा किल्ला अशा वेगळ्या नोंदी असतील तर विलीन करू नका, ते दोन विषय आहेत.

शंभर-दीडशे मीटरचा ठरावीक सरकाव दिसला, तर बहुधा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून आकडे घेतलेले असतात. ते पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, एव्हरेस्ट गोलाभावर, आधारलेले, तर जीपीएस आणि विकिपीडिया डब्ल्यूजीएस ८४ हे नवं माप वापरतात. आकडा खरा असूनही बिंदू दरीत उतरतो. इथे मूळ सदस्य चुकलेला नसतो, रूपांतर राहिलेलं असतं. त्याला तसंच सांगा.

अचूकतेचा हव्यासही वाद ओढवून घेतो. दशांशानंतर तीन अंक म्हणजे ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे साधारण एक मीटर. अर्धा-एक किलोमीटर पसरलेल्या गडाला तीन किंवा चार अंक पुरे. आठ अंक लिहिलेले दिसले तर ते मोजलेले नसून फोननं दिलेले असतात. ते शेवटचे अंक बदलण्यावरून होणारी उलटवाउलटवी निरर्थक आहे.

लेखाला कोणी हात लावला नाही, तरी नकाशा हलला

लेखाच्या इतिहासात काहीच नाही आणि बिंदू मात्र बदललाय, अशी तक्रार चावडीवर (विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) आली की विकिडेटा पाहा. माहितीचौकटीत गुणक लिहिलेले नसतील तर ते विकिडेटाच्या ‘पी६२५’ या गुणधर्मातून येऊ शकतात. तिथला बदल तुमच्या लेखाच्या इतिहासात दिसत नाही. निरीक्षणसूचीच्या पर्यायांत विकिडेटाची संपादनं दाखवण्याची खूण लावा, म्हणजे पुढच्या वेळी लगेच कळेल.

विकिडेटावर एकाच नोंदीत दोन गुणक असतील तर एक खोडून टाकण्याची घाई नको. ज्याला चांगला संदर्भ आहे त्याला ‘प्राधान्य’ हा दर्जा द्या. चूक सिद्ध झालेल्याला ‘बाद’ दर्जा देऊन कारण नोंदवा. खोडलेला आकडा दुसऱ्या विकिपीडियातून बॉट पुन्हा आणू शकतो, बाद ठरवलेला मात्र दिसत राहतो आणि पुढच्या माणसाला सावध करतो. एक मूल्य दरवाजाचं आणि एक माथ्याचं असेल, तर ‘पी५१८’ या विशेषकानं कोणता भाग ते सांगता येतं. ‘अमुक विकिपीडियातून आयात’ हा संदर्भ पुरावा धरू नका. चूक पाच भाषांमध्ये फिरून आली तरी चूकच राहते.

विकिडेटा दुरुस्त केला आणि लेखात जुनंच दिसतंय, म्हणून पुन्हा पुन्हा बदल करू नका. पान ‘पर्ज’ करा, म्हणजे साठवलेली प्रत टाकून ते नव्यानं बनतं.

लेखात दिसणारा हलता नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असतो. तटबंदीची बाह्यरेषा त्यात आपोआप यायला हवी असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर किल्ला बंद आकार म्हणून रेखाटलेला असावा आणि त्याला विकिडेटावरच्या नोंदीचा क्यू-क्रमांक जोडलेला असावा. बदल दिसायला काही दिवस लागू शकतात. ती रेषा गूगलचा नकाशा किंवा उपग्रह चित्र समोर ठेवून गिरवू नका, ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्याला ते चालत नाही आणि असं काम काढून टाकलं जातं.

लाल अक्षरांतली चूक

पानाच्या वर दोन गुणक एकमेकांवर चढलेले किंवा लाल अक्षरांत चूक दिसत असेल, तर एकाच लेखात दोन ‘मुख्य’ गुणक आहेत. एक माहितीचौकटीत, दुसरा कोणी तरी लेखाच्या तळाशी घातलेला. शीर्षकात दाखवण्याचा पर्याय एकाच ठिकाणी ठेवा, बाकी सगळे फक्त ओळीत दाखवा. आकडे देवनागरीत लिहिल्यानंही साचा मोडू शकतो. साच्यामागच्या लुआ या संगणकीय भाषेला १८ ही संख्या देवनागरीत कळत नाही, आधी रूपांतराची सोय केलेली नसेल तर चूक येते. लेखाच्या मजकुरात देवनागरी अंकच हवेत, साच्याच्या आत मात्र इंग्रजी अंक (1, 2, 3) द्या.

साच्यात प्रकार ‘लँडमार्क’ आणि प्रदेश ‘आयएन-एमएच’ (भारत-महाराष्ट्र) असा द्या. प्रकार ‘माउंटन’ दिला तर जिओहॅक १ : १,००,००० या प्रमाणानं उघडतो आणि गड ठिपक्याएवढा दिसतो. ‘लँडमार्क’ला ते प्रमाण १ : १०,००० असतं, दरवाजे आणि टाकी ओळखू येतात.

बारा किल्ल्यांचा एकच लेख

‘मराठा लष्करी भूप्रदेश’ ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत आले. त्यात साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी आहे. या एकत्रित लेखाला मुख्य गुणक कोणता द्यायचा यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. साल्हेर ते जिंजी यांचा मध्य काढला तर तो ज्या ठिकाणी पडेल त्याचा या किल्ल्यांशी संबंध नाही. बारा ओळींचा तक्ता करा, प्रत्येक ओळीत त्या किल्ल्याचा गुणक, शीर्षकातला गुणक रिकामा. युनेस्कोच्या यादीत प्रत्येक घटकाचा गुणक दिलेला असतो, तो चांगला संदर्भ आहे. मात्र तो नामांकित क्षेत्राचा प्रातिनिधिक बिंदू असतो, बालेकिल्ल्याचाच असेल असं नाही.

चर्चा पानावर काय लिहायचं

दुसऱ्यांदा उलटवलं गेलं की तिसऱ्यांदा संपादन न करता चर्चा पान उघडा. ‘कृपया दुवा काढू नये’ एवढ्यानं काही साधत नाही. नोंद अशी हवी:

‘मुख्य बिंदू: बालेकिल्ला, राजगड. प्रस्तावित गुणक १८.२४६ उ., ७३.६८२ पू., डब्ल्यूजीएस ८४. आधीचा बिंदू पायथ्याच्या गावाचा होता, तो “जाण्याचे मार्ग” विभागात हलवतो. गूगल मॅप्सचा दुवा काढतो, तो नकाशा जिओहॅकमधून उघडतोच. दोन वेगळ्या नकाशांवर तपासलं: उपग्रह चित्रात तट दिसतो, ओपनस्ट्रीटमॅपवर नाव जुळतं. हरकत असेल तर सात दिवसांत कोणता बिंदू आणि का ते इथे लिहावं.’

यात हरकत घेणाऱ्यालाही बिंदूचं नाव घ्यावंच लागतं. मग वाद ‘माझा दुवा’ यावरून ‘कोणता दरवाजा’ इथे येतो आणि तो सोडवता येतो. मुदत संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर बदल करा, सारांशात चर्चेचा दुवा द्या. तरीही उलटवणं चालू राहिलं तर चावडीवर मांडा किंवा प्रचालकांना कळवा. त्यांच्यापाशी जाताना तुमच्या बाजूची ही नोंद असणं फार उपयोगी पडतं.

कधी कोणी म्हणतं, किल्ल्याचे गुणक देणं कायद्यात बसत नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १५ फेब्रुवारी २०२१ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी भूस्थानिक माहितीवरची जुनी बंधनं बरीच सैल केली. त्यांत परदेशी संस्थांसाठीचा उंबरठा आडव्या मापात एक मीटरचा आहे. पर्यटकांना खुल्या असलेल्या गडाचे तीन-चार दशांशांचे गुणक त्याच्या जवळपासही जात नाहीत. मात्र जिथे संरक्षण दलाचा वावर आहे तिथल्या इमारती, उपकरणं वगैरेंचे बिंदू लेखात देऊ नका. ऐतिहासिक वास्तूच्या लेखाला त्यांची गरजही नसते.

सगळं ठरल्यावर साच्याच्या शेजारी, विकिमजकुरात, वाचकाला न दिसणारी टीप ठेवा: ‘बिंदू बालेकिल्ल्याचा आहे, बदलण्याआधी चर्चा पान पाहा.’ सहा महिन्यांनी येणारा नवा सदस्य चर्चा पान उघडेलच असं नाही, पण गुणक बदलायला तो याच ओळीवर येणार असतो.